‘मुक्ती चारी’ म्हणताना: सीमाभागातल्या भक्तीची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, बेळगावच्या खेड्यांत संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की पहिल्याच अभंगात ‘मुक्ति चारी’ येतात. सलोकता म्हणजे देवाच्या लोकात राहणं, समीपता म्हणजे त्याच्याजवळ असणं, सरूपता म्हणजे त्याचं रूप मिळणं, सायुज्यता म्हणजे त्याच्यात मिसळणं. देवाच्या दारी क्षणभर उभं राहून या चारही साधतात, हे म्हणणं तेराव्या शतकात फार मोठं होतं. वेदाध्ययन आणि यज्ञ बहुतेकांच्या वाट्यालाच नव्हते. गीतेच्या नवव्या अध्यायात (श्लोक 32) स्त्रिया, वैश्य, शूद्र यांनाही परमगती सांगितली आहे, पण संस्कृतात. 1290 मध्ये ज्ञानेश्वरीने ती मराठीत सांगितली.

त्याआधीच हा मुलूख पंढरीशी जोडलेला होता. 1249 च्या ताम्रपटात यादव राजा कृष्णाच्या सेनापतीने भीमरथीकाठच्या पौंडरीक क्षेत्रात, म्हणजे भीमेकाठच्या पंढरपुरात, विष्णूसमोर, एक गाव दान दिल्याची नोंद आहे. ते गाव बेळगाव भागातलं. ज्ञानदेवांच्या अभंगातही विठ्ठल ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकू’ आहे.

देव एक असला तरी मुक्ती एक नाही, आणि सगळं ‘भक्तिमार्ग’ या एका शब्दात कोंबलं की घोटाळा होतो. ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेने, म्हणजे पदाच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेने, कन्नड पदं रचणारे पुरंदरदास मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेतले. तिथे मुक्त झालेला जीवही देवाहून वेगळाच राहतो, आणि मुक्तांच्या आनंदातही तरतमभाव असतो. ज्ञानदेवांकडे देव-भक्त एकच, तरीही भक्ती संपत नाही. तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात, संतसंग मागतात. लिंगायत परंपरेतल्या बसवण्णांच्या शरणांची, म्हणजे शिवभक्त अनुयायांची, वाट आणखी निराळी: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य अशी सहा स्थळं, म्हणजे साधनेच्या पायऱ्या. त्यात ‘भक्त’ ही पहिली पायरी, ‘ऐक्य’ शेवटची. मठातले स्वामी ‘लिंगैक्य’ झाले, ही बातमी आपण नुसती निधनाची म्हणून वाचतो. तिच्यामागे ही सहावी पायरी आहे.

या वाटांमधलं नातं ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात फार सुंदर आलं आहे: श्रीकृष्ण म्हणतात, ज्ञानी जिला स्वसंवित्ती (स्वतःच्या स्वरूपाची जाणीव) म्हणतात, शैव शक्ती म्हणतात, तिलाच आम्ही परमभक्ती म्हणतो. दुर्दैवाने सात दिवसांच्या पारायणात हीच जागा घाईत जाते. एकूण ओव्या 9,000 हून थोड्या अधिक, म्हणजे रोज सुमारे 1,290. अध्याय मोजून वाटणी केली की शेवटच्या दिवशी अठरावा पूर्ण उरतो, आणि त्यात एकट्यात 1,810 ओव्या आहेत. काल्याची वेळ जवळ येते, वाचणाऱ्यांचा वेग वाढतो, अर्थ मागे पडतो. वाटणी ओव्यांवर करावी: सहाव्या दिवशीच अठराव्याच्या पाचशेक ओव्या वाचून ठेवल्या, तर सातव्या दिवशी या ओवीपाशी थांबून निरूपण करायला वेळ मिळतो.