जुने, दुर्मिळ रिव्हॉल्वर विकण्यापूर्वी: नाशिककरांसाठी मूल्यनिश्चिती, पात्रता आणि कागदपत्रे

जुन्या नाशिकमधील एखाद्या वाड्याचे कपाट आवरताना, किंवा देवळालीत लष्करातून निवृत्त झालेल्या आजोबांची पेटी उघडताना, हाती रिव्हॉल्वर लागले की घरात पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा. वास्तविक शस्त्र कायद्याच्या कोणत्या वर्गात ते मोडते, हे ठरेपर्यंत त्याची किंमत ठरूच शकत नाही.

त्याहीआधी ताब्याचा विचार करावा लागतो. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाचा ताबा आपोआप कायदेशीर होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षे झालेली असल्यामुळे ‘आधी किंमत काढू, मग कळवू’ हा विचार धोक्याचा आहे. शस्त्र पिशवीत घालून दुकानोदुकानी दाखवत फिरू नये. पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे आणि ते कसे आणायचे हे त्यांनाच विचारावे. नाशिक शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत, तर सिन्नर, निफाड, मालेगाव अशा ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी.

आता वर्गाविषयी. शस्त्र शंभर वर्षांचे आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कलम ४५ मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसावे अशी तिची अट आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘क्युरिओ’ (संग्रहासाठी जपलेली जुनी, दुर्मिळ वस्तू) वर्गातील लहान शस्त्रे घेण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकांना परवान्यातून मुभा दिली. वापरण्यास किंवा नेण्या-आणण्यास मात्र परवाना लागतोच. आपले रिव्हॉल्वर यांपैकी कशात बसते, हे स्वतः ठरवू नये. प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून तज्ज्ञाकडून तपासणीची विनंती करावी आणि निर्णय लेखीच घ्यावा, कारण पुढे गिऱ्हाईक सर्वांत आधी तोच कागद मागेल.

मूल्य ठरवताना दुर्मिळता आणि भाव यांची फारकत होते, ती इथेच. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेले .४५५ इंची बोअरचे, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे, वेब्ली बनावटीचे रिव्हॉल्वर संग्राहकाला कितीही मोलाचे वाटले, तरी .३८० किंवा .४५५ चे रिमवाले (बुडाशी कड असलेले) काडतूस घेणारे रिव्हॉल्वर आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि म्हणून कायदेशीर गिऱ्हाईक फारच थोडे असते. उलट साधे .३२ बोअरचे जुने विलायती रिव्हॉल्वर चांगल्या स्थितीत असेल, तर आयातीवर १९८०च्या दशकापासून आलेल्या निर्बंधांमुळे त्याला इथे चढा भाव मिळतो. परदेशी लिलावातले आकडे पाहून अपेक्षा बांधू नयेत. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली पुराणवस्तू ठरू शकते आणि मग खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

मूल्यांकनासाठी परवानाधारक विक्रेत्याचे लेखी मत घ्यावे, शक्य असल्यास दोघांचे. ते कारखान्याचे नाव, अनुक्रमांक, नळी व फिरत्या सिलिंडरवरचे चाचणीचे ठसे, सर्व भागांवरील क्रमांक जुळतात का, मूळ झिलई आणि मुठीचे लाकूड किती टिकले आहे, एवढे पाहतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की चकाकीसाठी पॉलिश किंवा एमरी पेपर मारू नये. त्याने मूल्य घटते, शिवाय निर्मात्याचे नाव किंवा क्रमांक अशी ओळखखूण नसलेले शस्त्र विकण्यास कलम ८ नेच मनाई आहे. ‘जॅक्सन वधाच्या काळातले’ अशा घरातल्या आठवणी जपाव्यात, पण मोल वाढते ते खरेदीची पावती, जुना परवाना किंवा सेवापुस्तक यांनी. चालते की नाही हे पाहण्यासाठी बार काढणे तर पूर्णपणे टाळावे. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी बनवलेले सिलिंडर आधुनिक काडतुसाने फुटू शकते.

परवाना लागणारे शस्त्र विकायचे तर विकणाऱ्याचा ताबा वैध हवा. वारसाला नियमांप्रमाणे स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. त्या अर्जासोबत साधारणपणे मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, शस्त्र जमा केल्याची पावती, इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, ओळख व पत्त्याचे पुरावे आणि छायाचित्रे लागतात. एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका-पिस्तुले बाळगता येत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे आधीच दोन आहेत त्यांनी विक्रीचाच मार्ग धरावा. घेणारा २१ वर्षांपुढील आणि त्या प्रकारच्या शस्त्राचा वैध परवाना असलेला हवा. त्याचे नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा लेखी कळवावा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे. ही मुदत संपण्यापूर्वी पैसे घेऊन शस्त्र हवाली करणे म्हणजे कायद्याचा भंग. विक्रीपत्रावर कारखाना, बोअर, अनुक्रमांक आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, विकणाऱ्याच्या परवान्यावरील नोंद कमी करून घ्यावी, खरेदीदाराच्या परवान्यावर ती चढल्याची प्रत मागावी आणि पोचपावतीसह सगळे कागद जपून ठेवावेत.