दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही

वसंत सरून ऊन कडक व्हायला लागलं की फुलशेतीत एक चूक हमखास होते. दुपारी दोनला डेलिया, झिनिया, सूर्यफूल माना टाकून उभे दिसतात आणि लगेच पाणी सोडलं जातं. तहान वेगळी आणि उन्हानं आलेली मरगळ वेगळी. दोन्हींत पान सारखंच लोंबतं, म्हणून घोळ होतो.

तहान सगळ्यांच्या ओळखीची. माती सुकते, पानं मलूल होतात, कडा करपतात, पाणी दिलं की झाड सावरतं. त्यावर जास्त बोलायला नको.

दुपारची मरगळ मात्र नीट समजून घ्या. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. वसंतातल्या सौम्य हवेत मुळं ती तूट सहज भरून काढतात. उन्हाळा तापला, कोरडा वारा सुटला की पानांतून पाणी इतक्या वेगानं जातं की माती ओली असूनही मुळं मागे पडतात. पेशींमधला ताठपणा उतरतो आणि पान झुकतं. झुकलेल्या पानावर ऊनही कमी पडतं, म्हणजे त्यात झाडाचा फायदाच आहे. ऊन कललं की तेच झाड कुणी हात न लावता उभं राहतं. भराभर वाढलेल्या, मोठ्या कोवळ्या पानांच्या झाडात हे जास्त दिसतं.

मग ओळखायचं कसं? दुपारी निर्णय घ्यायचाच नाही. सूर्य वर यायच्या आधी वाफ्यावर जा. रात्री पानांतलं पाणी फारसं जात नाही, मुळांना भरून काढायला पूर्ण वेळ मिळतो. पहाटे झाड ताठ असेल तर कालची ती नुसती मरगळ होती. पहाटेही मान खालीच असेल तर मातीत बोट घाला, पाच-सात सेंटिमीटर खोल. वरची माती बघून काहीच कळत नाही, ती उन्हाळ्यात तासाभरात सुकते. आत कोरडं लागलं तर पाणी द्या. आत ओल असेल तर पाण्याला हात लावू नका, दुखणं बहुधा मुळांत आहे.

हे मी नुकसान सोसून शिकलो. ॲस्टरचा एक वाफा दुपारी मलूल दिसायचा, मी रोज पाणी सोडत गेलो. आठवड्यात तो पहाटेही उठेना. एक रोप उपटून मूळ चिमटीत धरून ओढलं तर बाहेरची तपकिरी साल मोज्यासारखी निघून आली, आत फक्त दोरा उरला. ती मूळकूज होती. पाण्यानं भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड ओल्या मातीत उभं राहून सुकतं. ते पाहून पुन्हा पाणी सोडणं म्हणजे उरलेली मुळंही घालवणं.

रोज वरवर शिंपडण्याचीही मला चीड आहे. त्यानं मुळं वरच राहतात आणि तापलेल्या थरात सापडतात. पहाटे सावकाश, खोल पाणी द्या, वाफसा आल्यावरच, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिल्यावरच, पुढचं. बुंध्यापासून थोडं अंतर ठेवून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला.

फुलं तोडताना मात्र हा फरक बघत बसू नका. मान टाकलेला दांडा, कारण कुठलंही असो, कापायचा नाही. सकाळी ताठ असेल तेव्हाच कापायचा.