अमेरिकेत एकाच वर्षी दोन प्रायमऱ्या का?

मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात गेले आहेत. २०२४ मध्ये त्यांच्या मतदारांपुढे दोन प्रायमऱ्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदानं होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतदान झालं २७ फेब्रुवारीला; ठाणेदारांच्या उमेदवारीचा फैसला लागला थेट ६ ऑगस्टला. आपल्याकडे बातम्या येतात त्या पहिलीच्याच, त्यामुळे दुसरीही तेव्हाच उरकली असेल असं वाटून जातं.

राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी ही राज्याराज्यांतून पुढे सरकणारी शर्यत. सुरुवातीच्या निकालांवर पुढचा रंग ठरतो, म्हणून आधीच्या तारखेसाठी चढाओढ. न्यू हॅम्पशायरने तर पहिला मान आपलाच, असा कायदाच करून ठेवलाय. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने तो मान साउथ कॅरोलायनाला, ३ फेब्रुवारीला दिला; न्यू हॅम्पशायरने पक्षाला न जुमानता २३ जानेवारीलाच मतदान घेतलं.

त्याच न्यू हॅम्पशायरने प्रतिनिधीगृहाची प्रायमरी मात्र १० सप्टेंबरपर्यंत लांबवली! शेजारच्या मतदारसंघात आधी कोण जिंकलं याने इथे काही बिघडत नाही, मग घाई कशाला? तारीख राज्याचा कायदा ठरवतो. वरून, म्हणजे केंद्राच्या कायद्याचं, बंधन आहे ते दुसऱ्या टोकाचं: नोव्हेंबरच्या मतदानाआधी किमान ४५ दिवस, मागणी केलेल्या सैनिकांना आणि परदेशस्थ मतदारांना मतपत्रिका रवाना व्हायला हव्यात. म्हणजे ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी २१ सप्टेंबर. निकाल जाहीर करणं, तक्रारी ऐकणं, छपाई, सगळं अकरा दिवसांत.

याच नियमापायी न्यू यॉर्कची गंमत झाली. २०१२ मध्ये न्यायालयाने तिथली प्रतिनिधीगृह आणि सिनेटची प्रायमरी जूनमध्ये आणली, पण राज्याच्या पदांची सप्टेंबरातच राहिली. एप्रिलमधली राष्ट्राध्यक्षपदाची धरून एका वर्षात तीन! हा घोळ २०१९ मध्ये कायदा बदलल्यावर मिटला, तोही अर्धाच. जून आणि सप्टेंबर एकत्र आले, राष्ट्राध्यक्षपदाची वेगळीच राहिली.

टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय यांनी २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी घेतल्या. खर्च वाचतो, मतदारही जास्त येतात. वेगळ्या तारखेला गर्दी रोडावते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. ठाणेदारांच्या डेट्रॉइटसारख्या डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात नोव्हेंबर ही औपचारिकताच. २०२२ मध्ये उमेदवारांच्या भाऊगर्दीत ते जेमतेम २८ टक्के मतांवर प्रायमरी जिंकले, आणि जागा तिथेच पक्की झाली.