मायक्रोवेव्ह मधेच बंद: तापला, की लाईट डिम आहे?

मे महिन्यात लातुरात मायक्रोवेव्ह चालता चालता बंद पडला की घरात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, "तापला असेल." दुसरा म्हणतो, "लाईटच डिम आहे." वरून दोन्ही सारखंच दिसतं. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रीने तर दोन्ही सोडून थेट मॅग्नेट्रॉन, म्हणजे तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, बदलायला सांगितला. आम्ही बदलला नाही. आठ दिवस नुसतं भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

तापणारा मायक्रोवेव्ह स्वतःच्या मिनिटांनी बंद पडतो. थंड असताना सात-आठ मिनिटं नीट चालतो, मग थांबतो. लगेच पुन्हा लावला तर दोनच मिनिटांत थांबतो. अर्धा तास तसाच राहू दिला की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो. मॅग्नेट्रॉनजवळ थर्मल कटआउट असतो, तो ठरावीक तापमानाला वीज तोडतो आणि गार झाला की जोडतो. काही मॉडेलांत फक्त तापवणं थांबतं, दिवा आणि थाळी चालूच राहते. काहींत सगळंच बंद होतं. बहुतेक वेळा अडचण हवेची असते. यंत्र चालू असताना जिथून हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर हात धरा, झोत जाणवायला हवा. जाळी धुळीने बुजलेली असते, नाहीतर आपणच यंत्र फडताळात कोंबलेलं असतं, तेही गॅसच्या शेजारी.

डिम लाईटचा मायक्रोवेव्ह मात्र गल्लीच्या वेळेने बंद पडतो. नळाला पाणी आलं की घरोघरच्या मोटारी एकदम सुरू होतात, वर कूलर आहेतच. तेव्हा तो दहाव्या सेकंदालाही थांबेल, आणि रात्री अकराला दहा मिनिटं सलग चालेल. बंद पडण्याआधी आतला दिवा मंदावतो, गुणगुण बदलते, दोन मिनिटांत उकळणारं कपभर पाणी तीन मिनिटं घेतं. यंत्रावरचं घड्याळ शून्यावर आलं तर वीज तुटली एवढंच कळतं. सगळंच बंद करणाऱ्या कटआउटनेही ते पुसलं जातं, त्यामुळे एकट्या त्यावर विसंबू नका.

इथे स्टॅबिलायझरचं एक जुनं दुखणं आहे. खोक्यावरचे ८०० वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी ताकद. बोर्डातून यंत्र १२०० वॅटच्या आसपास ओढतं. फ्रिजच्या छोट्या स्टॅबिलायझरवर ते जोडलं तर व्होल्टेज चांगलं असतानाही तो बिचारा मान टाकतो. १६ अँपिअरचा सॉकेट हवा, आणि प्लग हाताला गरम लागला तर आधी तो बघा.

खरा घोळ दोन्ही एकत्र आले की होतो. व्होल्टेज पडलं की आतला पंखाही मंद फिरतो, हवा कमी मिळते, आणि डिम लाईटचा मायक्रोवेव्ह तापून बंद पडतो! अशा वेळी तेवढंच वाडगाभर पाणी एकदा नळाच्या वेळी आणि एकदा पहाटे तापवून बघा. पहाटेही त्याच मिनिटाला थांबला तर दोष यंत्रात. दार हलवल्यावर थांबत असेल तर प्रकरण तिसरंच, दाराच्या स्विचचं.

पत्रा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

आमचा निघाला गल्लीवाला. आता नळाच्या दिवशी पाणी भरून होईपर्यंत भात गॅसवरच गरम होतो.