पुढचे स्ट्रट घरी बदलताना: मधल्या नटाची गोष्ट

बहुतेक छोट्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की काचेच्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याचे गोल उंचवटे दिसतात. प्रत्येकावर दोन किंवा तीन नट कडेने बसवलेले असतात आणि बरोबर मधे एक मोठा नट असतो, कधी उघडा, कधी रबरी टोपीखाली. पुढचे ‘शॉकअप’, म्हणजे स्ट्रट, घरीच बदलायला निघालेल्या माणसाची नजर पहिल्यांदा या मधल्या नटावर जाते. तो मोठा असतो, समोर असतो आणि पाना त्यावर सहज बसतो. त्याला हात लावायचा नाही. सोडवायचे ते कडेचे नट, आणि तेही सगळ्यात शेवटी. मधला नट दाबून ठेवलेल्या स्प्रिंगला आवरून बसलेला असतो. तो असा का असतो हे कळलं की स्ट्रट या भागाची निम्मी ओळख झाली.

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट शॉकअप म्हणतात त्यात दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. बाहेरची स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. आतली तेलाची नळी, म्हणजे डॅम्पर, वजन जवळजवळ पेलतच नाही. ती फक्त हालचालीला अडवते. एक छोटी गाडी घेऊ. पुढच्या एका स्प्रिंगवर बॉडीचं २४० किलो वजन येतंय आणि स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे, असं धरू. म्हणजे साधारण दोन किलो वजनाला ती एक मिलिमीटर दबते. गाडी नुसती उभी असतानाच ही स्प्रिंग सुमारे १२ सेंटिमीटर दबलेली असते. अशा स्प्रिंगवर तोललेला पुढचा भाग खड्ड्यातून गेल्यावर सेकंदाला जवळपास दीड वेळा वर-खाली होऊ पाहतो. एक ते दीडचा हा ठेका अभियंत्यांनी मुद्दाम धरलेला असतो, कारण तो माणसाला सोसतो. ठेका बराच वाढवला तर गाडी दणके देते. बराच कमी केला तर मागे बसलेल्यांना बोट लागल्यासारखं मळमळतं.

नुसती स्प्रिंग असती तर गाडी एकदा उसळली की उसळतच राहिली असती. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. ती संपवत नाही. संपवण्याचं काम डॅम्परचं. नळीत तेल असतं आणि त्यात एक पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनला बारीक भोकं असतात आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या. चाक उसळलं की तेलाला त्या चकत्या वाकवून पलीकडे जावं लागतं. त्या ओढाताणीत उसळीची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत बदलते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. लांबवर खराब रस्त्याने आल्यावर स्ट्रट कोमट लागतो तो यामुळेच. चाक वर येताना होणारा विरोध कमी आणि खाली जाताना होणारा जास्त ठेवलेला असतो. वर येताना डॅम्पर फार आडला तर खड्ड्याचा दणका सरळ बॉडीत जातो. खाली जाताना मात्र दाबलेल्या स्प्रिंगला आवरावंच लागतं.

डॅम्पर म्हातारा होतो तेव्हा आधी बिघडतं ते चाकाचं वागणं. बॉडीचं डुलणं त्यानंतर जाणवतं. चाक, ब्रेक आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो ओतीव भाग) मिळून होणारं वजन एका बाजूला टायरची हवा आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग यांच्यात अडकलेलं असतं. ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरू शकतं. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही आणि सीटवर फारशी पोचतही नाही. पण त्या प्रत्येक थरथरीत टायरचा रस्त्यावरचा दाब कमी-जास्त होतो, आणि दाब कमी झालेल्या क्षणी ब्रेक दाबून काही उपयोग नसतो. खडबडीत रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वाढतं ते असं. टायरवर ठराविक अंतराने खळगे पडलेले दिसले, हात फिरवल्यावर उंचसखल लागलं, तर टायरवाल्याला दोष देण्याआधी स्ट्रटकडे बघावं. बॉनेटवर जोर देऊन गाडी किती वेळा हिंदकळते ते मोजण्याची जुनी चाचणी माझ्या मते फार भरवशाची नाही. स्ट्रटमध्ये पिस्टनच्या दांड्याला मुळातच घर्षण बरंच असतं. हातच्या संथ दाबाला तेच थांबवून धरतं आणि गेलेला डॅम्परही पास होऊन जातो. नळीवरून ओघळलेलं तेल आणि त्यावर चिकटलेली धुळीची साय हा पुरावा जास्त पक्का.

इथवर सांगितलेलं कुठल्याही शॉक अॅब्सॉर्बरला लागू पडतं. स्ट्रट त्याच्या पुढे जातो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकाला बॉडीशी जोडणारे, वर एक आणि खाली एक असे दोन आर्म होते. चाक सरळ उभं ठेवण्याची जबाबदारी त्या आर्मची. डॅम्पर गेला तर गाडी उसळायची, पण चाकाची जागा हलायची नाही. मारुती ८०० मध्ये वरचा आर्मच नाही. खाली एक आर्म, आणि वर थेट तो बॉनेटखालचा उंचवटा. मधला खांब म्हणजे स्ट्रट. ब्रेक मारताना, वळताना चाकाला उभं धरून ठेवतो तो हाच खांब. स्टीअरिंग फिरवलं की चाकाबरोबर तोही फिरतो, म्हणून त्याच्या डोक्यावर बेअरिंग लागतं. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं आणि ‘कट्ट’ असा आवाज करून स्प्रिंग जागेवर उडी मारते असं वाटलं, तर बहुधा ते बेअरिंग अडकलेलं असतं.

ही काटकसर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. दुसरं महायुद्ध संपता संपता जनरल मोटर्सने शेव्हर्ले कॅडेट नावाची हजार डॉलरच्या आतली छोटी गाडी बनवायला घेतली होती आणि तो त्या कामाचा प्रमुख होता. १९४७ मध्ये कंपनीने कॅडेट गुंडाळली. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि कल्पना सोबत गेली. १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्डने दाखवलेल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर ती बसली. त्याने सुटे भाग किती कमी करावेत? वळणावर गाडी झुकू नये म्हणून लावायचा अँटीरोल बार त्याच्या रचनेत खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचंही काम करी. इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा या रचनेचं खरं सोनं झालं, कारण वरचा आर्म गेल्याने इंजिनाला आणि चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टला जागा मिळाली. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच खांबावर उभ्या आहेत.

पण एका वस्तूला तीन कामं दिली की ती वस्तू बदलणं सोपं राहत नाही. चाक रस्त्याला टेकतं ती जागा खांबाच्या रेषेच्या बाहेर असते, त्यामुळे गाडीचं वजन खांबाला सतत आडवं वाकवू पाहतं. म्हणून स्ट्रटच्या पिस्टनचा दांडा साध्या शॉकअपपेक्षा जाड असतो. आणखी एक युक्ती आहे ती निरखून पाहिल्याशिवाय दिसत नाही. स्प्रिंग दांड्याच्या बरोबर मध्यावर सरळ बसवलेली नसते, किंचित तिरकी असते. तिचा तिरका रेटा त्या आडव्या बलाच्या उलट दिशेने काम करतो आणि दांडा-सीलचं घासणं कमी होतं. म्हणून स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या खाचेत नेमकं टेकवायचं असतं. बोटभर फिरलं तरी हिशेब बिघडतो.

आता प्रत्यक्ष काम. जमीन सपाट आणि पक्की हवी, मागच्या चाकांना अडसर हवा आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर टेकलेली हवी. नकलवर खुणा करून ठेवाव्यात; स्ट्रट आणि नकल कुठे कसे जुळले होते हे पांढऱ्या पेंटने आखलं की पुढे अर्धा त्रास वाचतो. ब्रेकचा पाइप आणि असेल तर एबीएसची तार स्ट्रटवरच्या क्लिपमधून आधी सोडवायची, स्टॅबिलायझरची (म्हणजे अँटीरोल बारची) लिंक काढायची, मग नकलचे दोन बोल्ट. काही गाड्यांत या बोल्टच्या मानेला दाते असतात. तिथे बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवायचा. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडते. ती तशी लोंबकळू दिली तर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. तारेने बांधून ठेवावी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीचे हे नट गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी पान्यावर चढून उभं राहावं लागत नाही.

स्ट्रट हातात आला की येतो मधल्या नटाचा प्रसंग. गाडीतून बाहेर आला तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते. वरची प्लेट आणि तो नट तिला दाबून ठेवत असतात. नट सुरक्षित काढायचा तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने तिला आणखी दाबून प्लेटवरचा रेटा शून्यावर आणावा लागतो. आपल्या हिशेबातली स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबली तर तिचं बल ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतकं. साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल. ही ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; दुप्पट दाबलं की चौपट. २२५ ज्यूल एखाद्या किलोभर वजनाच्या वरच्या प्लेटला मिळाले तर ती ताशी ७६ किलोमीटर वेगाने सुटेल. सगळी ऊर्जा प्लेटला मिळणार नाही, थोडी स्प्रिंगच्या स्वतःच्या हालचालीत जाईल, पण त्या प्लेटच्या वर नेमकं काम करणाऱ्याचं तोंड असतं. कॉम्प्रेसरच्या दोन दांड्या समोरासमोर लावाव्यात, आळीपाळीने थोड्या थोड्या आवळाव्यात, आणि आपण कधीही स्प्रिंगच्या रेषेत उभं राहू नये. चांगला कॉम्प्रेसर हाताशी नसेल तर सोडवलेला स्ट्रट रिक्षात घालून गॅरेजमध्ये न्यावा, डॅम्पर तिथे बदलून घ्यावा आणि बाकीचं काम घरी करावं. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेत स्प्रिंग आणि माउंटिंगसकट जोडलेला तयार स्ट्रट सहज मिळतो, म्हणून तिकडचे हौशी लोक हा टप्पाच टाळतात. आपल्याकडे दुकानात सहसा नुसता डॅम्पर हाती पडतो.

नट सोडवताना आणि आवळताना दांडाही गरागरा फिरतो. त्या वैतागात लोक दांड्याला पकडीने धरतात आणि नव्या स्ट्रटचं आयुष्य तिथेच संपवतात. दांड्यावरचा क्रोमचा थर आरशासारखा गुळगुळीत असतो कारण त्यावरून रबराचं सील दिवसाला हजारो वेळा सरकतं. पकडीच्या दातांचा एक ओरखडा त्या सीलला प्रत्येक फेरीत कापत राहतो, आणि काही महिन्यांत नळी तेलाने माखते. दांड्याच्या टोकाला पाना किंवा अॅलन की लावण्यासाठी जागा दिलेली असते, ती वापरावी. वरचं माउंटिंग, बेअरिंग, आतला बंप स्टॉप आणि धूळ अडवणारं रबर एवढं सगळं उघडलंच आहे तर नवीनच टाकावं. त्यांच्यासाठी पुन्हा तीच स्प्रिंग दाबायची हौस कुणाला नसते. नवा डॅम्पर खोक्यात आडवा पडलेला असतो. आत एक नळी कामाची आणि तिच्याभोवती दुसरी, जादा तेलाची. आडवं ठेवल्यावर हवा किंवा नायट्रोजन कामाच्या नळीत शिरतो. तो उभा धरून दांडा तीन-चार वेळा पूर्ण आत-बाहेर करावा, म्हणजे वायू आपल्या जागी जातो. नाहीतर पहिले काही किलोमीटर डॅम्पर मधेच पोकळ लागतो आणि माणसाला वाटतं, माल खराब निघाला.

बोल्ट आवळण्याबद्दल एक गैरसमज मेकॅनिकांतही दिसतो. नकलचे बोल्ट खिळ्यासारखे स्ट्रटला अडकवून ठेवतात असं वाटतं. खरं तर स्ट्रटच्या दोन पाकळ्या आणि नकल यांचे पृष्ठभाग एकमेकांवर इतके घट्ट दाबलेले असतात की घर्षणच सांधा धरून ठेवतं. बोल्टचं काम तो दाब देण्याचं. १२ मिलिमीटरचा बोल्ट ९० न्यूटन-मीटरने आवळला तर त्यात सुमारे ३७,००० न्यूटन, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास ताण येतो. गंमत अशी की आपण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताणतो. उरलेला आट्यांतल्या आणि नटाच्या बुडातल्या घर्षणात जातो. त्यामुळे आट्यांना तेल लावून तोच टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला तर ताण खूप वाढतो, आणि गंज असेल तर टॉर्क रेंच ‘टक’ करतो पण सांधा ढिलाच राहतो. आटे साफ करून, कंपनीच्या पुस्तकातला आकडा बघून आवळावं. हाताचा अंदाज इथे फसवतो.

आणि मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवणं. ते टाळणारे लोक ‘बोल्ट काढले आणि तिथेच लावले’ असं म्हणतात. नकलचे दोन बोल्ट एकमेकांपासून ५७ मिलिमीटरवर आहेत असं समजा. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. वरचा बोल्ट खालच्याच्या तुलनेत एक मिलिमीटर सरकून बसला तर चाक एक अंशाने कलतं. कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या या उभ्या कलात, एक अंश ही मोठी गोष्ट आहे, आणि स्टीअरिंगचा टाय रॉड वेगळ्या जागी जोडलेला असल्याने कॅम्बर हलला की टो, म्हणजे चाकाचं तोंड किंचित आत किंवा बाहेर वळलेलं असणं, आपोआप हलतो. टो बिघडला की टायर रस्त्यावरून थोडा आडवा घासत जातो आणि आतली किंवा बाहेरची कड काही हजार किलोमीटरमध्ये साफ होते. पांढऱ्या पेंटच्या खुणा गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत नीट नेण्यापुरत्या आहेत. दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकदमच बदलावेत, गाडी थोडी चालवून स्प्रिंग आणि नवी रबरं आपल्या जागी बसू द्यावीत, आणि मग मशीनवर चढवावी. तिथे छापील कागद मागून घ्यावा आणि त्यात डाव्या-उजव्या चाकांचे कॅम्बरचे आकडे शेजारी ठेवून बघावेत. त्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर टो कितीही बरोबर दाखवलेला असो, एका बाजूचे नकलचे बोल्ट पुन्हा सैल करायला लावावेत.