पाणी किती फुटांवर? : कोल्हापूरच्या पावसामागची दीडशे वर्षांची अभ्यासवाट

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं ख्यालीखुशालीच्या आधी पंचगंगेची पातळी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पाणी पात्राबाहेर पडलं की सुतारवाड्यात सामानाची बांधाबांध सुरू होते, आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं बाहेर काढतात, आणि उरलेलं शहर संध्याकाळी पाणी बघायला घाटाकडं निघतं.

फुटांचा हा आकडा सगळ्यात शेवटी हाती येतो. त्याच्या आधी असतात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडचे मिलिमीटरचे आकडे. त्यांच्याही आधी तो पाऊस आणणारे वारे आणि ढग असतात, आणि ते ओळखायला आयुष्य घालवलेली माणसं असतात. मी पदवीच्या मुलांना भूगोलातला हवामानशास्त्राचा पेपर शिकवतो. २०१९ च्या महापुरानंतर दरवर्षी वर्गातून एक तरी मुलगा किंवा मुलगी येऊन विचारते, ‘सर, पावसाचा अभ्यास म्हणजे नक्की काय करत्यात? त्यात पुढं जाता येतंय का?’ त्यांना तोंडी सांगत आलो, ते एकदा नीट मांडावं म्हणून ही पार्श्वभूमी.

पाऊस नक्षत्रांनी ओळखायची आपली रीत फार जुनी. मिरगाला पेरणीची घाई, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ असं म्हणणाऱ्याला पावसाची वेळ आणि पिकाची वेळ यांचं नातं पक्कं ठाऊक होतं. हे ज्ञान मी वर्गात मुद्दाम आधी सांगतो. पाऊस केव्हा आणि कसा, एवढं ते सांगतं. किती, हे सांगत नाही. मोजायला सुरुवात झाली ती दुष्काळाच्या धसक्यानं.

भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला. तो १८७८ पर्यंत चालला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढं प्रश्न एकच होता, यंदा पाऊस येणार का? हिमालयावर बर्फ जास्त पडलं की पुढचा मान्सून कमजोर पडतो, असं त्यांना दिसलं, आणि त्या आधारावर १८८६ मध्ये संपूर्ण हंगामाचा पहिला अंदाज निघाला. १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. हे मुळात गणिती. जगभरच्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे, तापमानाचे आकडे मांडून, एकाचा दुसऱ्याशी संबंध लागतो का, हे ते वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यातून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या दाबाचा वर-खाली होणारा झोका सापडला. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या, वर्षी आज आपण जी धास्ती बाळगतो, तिच्या अभ्यासाचं मूळ एका दुष्काळी देशाच्या प्रश्नात आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं तरी हवामानाचा अभ्यास पुण्यात रुजला तो रुजलाच. १९३२ मध्ये तिथं एल. ए. रामदास यांच्याकडं शेतीच्या हवामानाचा विभाग आला. १९४८ मध्ये अण्णा मणी पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी मोजमापाची साधनं इथंच तयार व्हावीत, प्रत्येकाचं माप एकसारखं असावं, यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. त्यांचं हे काम किती खोल गेलंय, ते पर्जन्यमापकापाशी उभं राहिल्यावर कळतं.

म्हणून मी मुलांना आधी तिथं नेतो. एक नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, आसपास झाड नको, भिंत नको. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि पाण्याचा पृष्ठभाग मध्ये जिथं खाली दबलेला दिसतो तिथला आकडा वाचायचा. कडेला चढलेलं पाणी वाचलं की नोंद चुकली. पाऊस धो-धो कोसळत असेल तर बाटली भरून वाहायच्या आत मध्येच छत्री घेऊन जायचं, मोजायचं, रिकामी करायची आणि सगळी मापं मिळवायची. घाटमाथ्यावर हे काम करणाऱ्या माणसाची जुलै महिन्यातली झोप म्हणजे काय असेल! त्याचं नाव कुठल्याही शोधनिबंधात येत नाही. तो निबंध उभा असतो मात्र त्याच्याच वहीवर.

आणखी एक गोष्ट मुलं हमखास चुकतात. २३ जुलैची नोंद म्हणजे २२ च्या सकाळी साडेआठपासून २३ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. वर्तमानपत्रातली तारीख आणि आभाळातली तारीख इथं अर्ध्या दिवसानं हुकते. पुराचा अभ्यास करणाऱ्याला हा अर्धा दिवस फार महाग पडतो.

या साध्या मापकातून दिवसाचा पाऊस कळतो, तासाचा कळत नाही. तासाचा हवा असेल तर स्वयंनोंदी पर्जन्यमापक लागतो. फिरत्या पिंपावर कागद, त्यावर टेकलेली लेखणी. पाणी साठेल तशी लेखणी वर चढते, १० मिलिमीटर झाले की पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर पडतं आणि लेखणी धाडकन शून्यावर येते. रिमझिम असेल तर कागदावर सुस्त चढ दिसतो, अतिवृष्टी असेल तर करवतीच्या दातांसारखी दाटी. आता हे काम इलेक्ट्रॉनिक केंद्रं करतात, पण तो कागद एकदा पाहिलेला विद्यार्थी ‘पावसाची तीव्रता’ हा शब्द पुन्हा विसरत नाही.

१९६२ चा नोव्हेंबर आमच्या दृष्टीनं महत्त्वाचा. १७ तारखेला पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १८ तारखेला, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. निव्वळ योगायोग, पण दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलासाठी वाट उघडली ती या दोन दारांतून. पुण्याची ही संस्था पी. आर. पिशारोटी यांच्या हाताखाली आकाराला आली, १९७१ मध्ये स्वायत्त झाली. आज सगळे तिला आयआयटीएम म्हणून ओळखतात.

त्याच सुमारास अमेरिकेतून पीएच.डी. करून पुण्याच्या सुलोचना गाडगीळ परत आल्या. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, पुढं हार्वर्डला गेलेल्या. काही काळ आयआयटीएममध्ये आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केला. १९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि त्यांनी उपग्रहाची रोजची चित्रं लावून दाखवलं की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरून ढगांचे पट्टे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतरानं उत्तरेकडं सरकत येतात. पाऊस लागून राहतो, मग उघडीप देतो, पुन्हा लागतो, हे शेतकरी बघतच आला होता. त्यामागचं यंत्र या दोघांनी उलगडलं. पुढं गाडगीळबाई कर्नाटकातल्या पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची वेळ आणि पावसाचा खंड यांचं गणित मांडत राहिल्या. २०२५ च्या जुलैत त्या गेल्या. संशोधकानं कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हे मुलांना समजावताना मी त्यांचंच उदाहरण देतो.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. अरबी समुद्रावरून आलेले दमट वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर ओततात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत शिरोळ, तिथं त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. या दोन टोकांची सरासरी काढून ‘जिल्ह्यात इतका पाऊस झाला’ असं छापतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. तो आकडा ना बावड्याच्या भातवाल्याच्या कामाचा, ना शिरोळच्या ऊसवाल्याच्या.

पाऊससुद्धा इथं दोन जातींचा. एप्रिल-मेचा वळीव उंच ढगांतून येतो. ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर जातो, गारा पडतात, विजा कोसळतात, तासाभरात खेळ आटोपतो. जुलैत घाटमाथ्यावर मात्र वीज क्वचितच कडाडते. तिथले ढग बऱ्याचदा बुटके, पण एकामागून एक येत राहतात आणि दिवसेंदिवस उसंत देत नाहीत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं की पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि हा मारा वाढतो. या ढगांत थेंब कसा वाढतो, हे बघायला आयआयटीएमनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळाच थाटली. विजेसाठी त्याच संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. शेतात राबणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ते असावं, असं मी आग्रहानं सांगतो.

गेल्या वीस वर्षांत प्रश्न बदलला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. त्याच पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेलाही महापूर होता. ‘येणार का’ याच्या जोडीला ‘किती तासांत आणि नेमका कुठं’ हा प्रश्न आला. २००६ मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या जुन्या नोंदी तपासल्या. हंगामाची एकूण बेरीज फारशी हललेली नव्हती, पण तिच्या पोटात अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं १९५० ते २०१५ च्या नोंदींवरून दाखवलं की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीनं वाढली. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद साधारण सात टक्क्यांनी वाढते. मग पडताना ती एकदम पडते.

कोल्हापूरनं याची दोन रूपं दोन वर्षांच्या अंतरानं पाहिली. २०१९ चा पाऊस चिवट होता. जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो थांबलाच नाही, पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांपलीकडं गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि शहरात दूध-पेट्रोलची ओरड झाली. २०२१ चा पाऊस झपाट्याचा. २३ जुलैच्या सकाळी महाबळेश्वरला नोंद झाली ती जवळपास ५९४ मिलिमीटरची. पंचगंगेनं अवघ्या काही दिवसांत ५६ फूट ओलांडले. हवामान खात्याच्या भाषेत २०४.५ मिलिमीटर झाला की ‘अत्यंत मुसळधार’. 

आपल्याकडं पुराचा विषय निघाला की गाडी थेट कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर जाते. ती चर्चा व्हायला हवीच, पण आधी पावसाचे तास मांडा. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी. ते दोन दिवसांत आलं की दहा तासांत, यावर सगळं ठरतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. पण धरणाच्या खाली पडलेला पाऊस कोणत्या दरवाजानं अडवणार?

या विषयात येणाऱ्याची वाट सरळ नाही. भौतिकशास्त्र, गणित किंवा भूगोल घेऊन पदवी, पुढं एम.एस्सी. पुण्याच्या विद्यापीठात हवामान आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. मग नेट, पीएच.डी., आणि पुढं खातं, संशोधन संस्था किंवा महाविद्यालय. भूगोलाच्या मुलाला गणित कच्चं राहतं, भौतिकशास्त्राच्या मुलाला नदी आणि शेत ठाऊक नसतं. दोघांनीही दुसऱ्याचं शिकायला हवं, याला पर्याय नाही. संगणकाची प्रारूपं आता बारीक झाली आहेत. मे २०२५ पासून वापरात आलेली भारताची नवी अंदाज प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीत बघते. तरीही घाटाची एक सोंड आणि तिच्यापलीकडची दरी एकाच चौकटीत बसू शकते, आणि पावसात तर तिथंच जमीन-अस्मानाचा फरक असतो.

२०२१ च्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला होता. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तो, कधीच होऊन गेला होता, देऊळ पाण्यात होतं. ती म्हणाली, ‘सर, आमच्याकडं ऊन पडलंय, आन् पाणी चढायलंच लागलंय.’ कॉलेज सुरू झाल्यावर तिनं हाच विषय प्रकल्पाला घेतला. गगनबावड्याच्या पावसाचे आकडे वरच्या ओळीत, राजाराम बंधाऱ्याची पातळी मधल्या ओळीत आणि आपल्या गावच्या देवळाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते खालच्या ओळीत. पायऱ्यांची नोंद तिच्या आज्जीनं रोज सकाळी चुन्यानं भिंतीवर रेघ मारून ठेवली होती.