सापडलेलं पिल्लू आणि कायद्यातली ‘शिकार’

पाऊस ओसरायला लागला की सोलापूरच्या तळ्यांवर हा प्रश्न दरवर्षी उगवतो. हिप्परगा असो, होटगी असो की शहरातला कंबर तलाव, काठावर खेळणाऱ्या पोरांना पाणकणसांत रानबदकाचं एकटं पिल्लू सापडतं. ते टॉवेलात गुंडाळून घरी येतं, चपलांच्या खोक्यात बसतं आणि मग कुणीतरी विचारतं, “पाळलं तर चालतंय का?” उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण हे ‘नाही’ कसं तयार झालं ते पाहिल्याशिवाय त्यातला गोंधळ कळत नाही.

जुन्या काळाचं थोडक्यात. 1887 चा कायदा विणीच्या हंगामात मारलेले-पकडलेले रानपक्षी बाळगण्या-विकण्यापुरता होता. 1912 च्या कायद्यात बदकांचं नाव आलं, तेही ‘बंद हंगामा’साठी. हंगाम उघडला की बंदूक मोकळी. 1951 मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा कायदा केला. या सगळ्या काळात बदक म्हणजे शिकाऱ्याच्या पिशवीतली वस्तू होती आणि तिला कधी मारायचं एवढाच वाद होता. पिल्लू उचलून घरी नेणाऱ्याचा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सुरुवातीला फार वेगळं केलं नाही. बदकांचं जवळजवळ अख्खं कुळ चौथ्या अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या यादीत) टाकलं, म्हणजे परवाना काढून मारता येणाऱ्या लहान शिकारीत. आज ज्यांना हा कायदा पहिल्यापासून कडक वाटतो त्यांनी हे लक्षात घ्यावं. खरा बदल 1991 च्या दुरुस्तीने झाला. शिकारीचे परवाने गेले, बदक मारणं बंद झालं. देशी रानपक्ष्यांचा व्यापारही याच सुमारास बंद झाला. तरी पिंजऱ्यातला पोपट आजही गल्लोगल्ली आहे. ‘पोपट चालतो तर बदक का नाही’ हा सोलापुरी युक्तिवाद तिथूनच येतो. पोपटही चालत नाही, हे सांगितलं की समोरचा आपल्याकडे संशयाने बघतो.

आता मुख्य गाठ. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, हुसकावणं, एवढंच काय, रानपक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणंही शिकारच. बांधावरच्या गवतात सापडलेली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची जुनी खोड खेड्यांत आहे. पिल्लं निघतात, सरळ पाण्यात शिरतात आणि कोंबडी काठावर आरडाओरडा करत धावत राहते. सगळं गाव हसतं. कायद्याच्या भाषेत मात्र तो शेतकरी शिकारी ठरतो. मराठीत शिकार म्हटलं की रक्त डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे दयेपोटी उचलणाऱ्याला हा शब्द लागला की तो चिडतोच. त्याचं चिडणं मला समजतं.

त्यात भर कलम 39 ची. जिवंत, मोकळा फिरणारा पक्षी कुणाच्या मालकीचा, हे या कलमात थेट लिहिलेलं नाही. बेकायदा पकडला, बंदिवासात ठेवला किंवा मेलेला सापडला की मात्र तो राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे पिल्लू पाणकणसांत असेपर्यंत कुणाचंच नाही आणि तुमच्या खोक्यात आलं की सरकारचं! अशी मालमत्ता कुठल्याही मार्गाने हाती आली तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं, असं पोटकलम 2 सांगतं. या 48 तासांनी जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशानेच नसेल. लोकांत पसरलेला अर्थ असा की दोन दिवस ठेवायला मुभा आहे. तसं काही नाही. ती मुदत कळवण्याची आहे, बाळगण्याची नाही. लगेच पुढचं पोटकलम म्हणतं की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय ताब्यात ठेवताच येणार नाही. दोन्ही पोटकलमं शेजारी ठेवून वाचली तर प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचं त्या दोन दिवसांतलं स्थान काय, हे सरळ उलगडत नाही. चांगल्या हेतूने उचलणाऱ्यासाठी एक स्पष्ट ओळ घालायला हवी होती, असं माझं मत आहे. 2022 मध्ये एवढी मोठी दुरुस्ती झाली, अनुसूच्या सहाच्या चार झाल्या, पण ही ओळ आली नाही.

त्या दुरुस्तीची अंमलबजावणी 1 एप्रिल 2023 पासून झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात उत्तर प्रदेशातल्या अमेठीचा सारस देशभर गाजला. एका तरुणाला शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने औषधपाणी केलं, पाय बरा झाला, पण पक्षी गेला नाही. पिंजरा नव्हता, दोरी नव्हती. गाडीमागे उडत यायचा. साधारण वर्षभराने वनखात्याने तो आधी रायबरेलीच्या समसपूर अभयारण्यात नेला आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला. तरुणाला नोटीस गेली. मोकळा पक्षी कायद्याने जाळीत गेला, म्हणून लोक संतापले. संताप खोटा नव्हता. पण चूक मार्च 2023 मध्ये झाली असं मला वाटत नाही. पाय बांधला त्या आठवड्यात एक फोन झाला असता तर पक्ष्याला माणसाची एवढी सवय लागली नसती.

बदकाच्या पिल्लाच्या बाबतीत ही सवय वर्षात नाही, तासांत लागते. 1930 च्या दशकात एका ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने कलहंसाच्या पिल्लांवर हे दाखवलं: अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं-बोलतं पहिल्यांदा दिसेल त्याच्या मागे ती लागतात. पुढे त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे त्याचा अर्थ एवढाच की ‘मोठं झालं की सोडू’ हे वाक्य पिल्लाच्या दृष्टीने पोकळ आहे. पाव-दुधावर ते जगत नाही, त्याला किडे लागतात. आईच्या पंखाखालची ऊब नसली तर गारठूनच जातं.

शिवाय बरीच ‘एकटी’ पिल्लं एकटी नसतातच. सोलापुरात बदकाचं पिल्लू म्हणजे बहुधा हळदीकुंकू बदकाचं किंवा अडईचं. थापट्या, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे, त्यांची वीण इथे होत नाही. हळदीकुंकूची मादी (चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव) माणूस दिसला की पंख मोडल्यासारखी फडफडत दूर जाते आणि पिल्लं गवतात दडतात. पोरांना त्यातलं एक दिसतं, आई दिसत नाही. आमच्या शेजारची पोरं गेल्या वर्षी जे घेऊन आली ते तर बदकही नव्हतं. काळं, टकलं, चोच लाल: पाणकोंबडीचं पोर. ‘कावळ्याचं आहे का?’ असं एका आजींनी विचारलं. सापडल्या जागी तासाभरात परत नेऊन ठेवलं. आई आली की नाही ते अंधारात दिसलं नाही.

वनखात्याचा 1926 हा क्रमांक आता राज्यभर आहे. सोलापूरकरांना वनखातं माहीत आहे ते मुख्यतः नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे, म्हणजे त्यासाठी आलेल्या जमिनीच्या खरेदी-विक्रीवरच्या निर्बंधांमुळे. त्यामुळे पिल्लासाठी तिथे फोन करायला माणूस दोनदा विचार करतो. कळवलं तर आपल्यावरच केस, ही भीती खरी आहे आणि तिला कायद्यानेच खतपाणी घातलंय. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड 25 हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. तीन वर्षांपर्यंतची कैद तशीच ठेवली. ही शिक्षा रात्री जाळं टाकून बदकं ढाब्यावर विकणाऱ्यालाही लागू आणि न्हाणीघरात बादलीत पिल्लू ठेवणाऱ्या शाळकरी पोराच्या बापालाही. दोघांत फरक करायचं काम कायद्याने केलेलं नाही. ते त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या वनरक्षकावर आणि त्याच्या साहेबावर सोडलंय.